फौजी ड्युटीवर, गाडी अंगणात: कशी सांभाळायची

"वहिनी, गाडी चालूच होईना, आणि हे परवा सुट्टीवर येतायत!" असा फोन आला की मला कळतं, गाडी वर्षभर ताडपत्रीखाली होती. सातारा जिल्ह्यात अशा गाड्यांना तोटा नाही. अपशिंग्याचंच बघा, त्या एका गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आजही तिथं घरोघरी फौजी.

हायवेलगत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि मी ड्रॅग रेस करते, म्हणजे सरळ रस्त्यावरची थोड्या अंतराची वेगाची शर्यत. आमचे हे सैन्यात होते. ते गेले तेव्हा त्यांची गाडी शेडमध्ये उभी होती. दीर म्हणाले, भंगारात घाला. मी पाना हातात घेतला. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलून घर चालवलं, रात्री हिच्यावर काम केलं, आणि पुढं हीच गाडी घेऊन रेसला उभी राहिले. फौजींच्या घरच्या गाड्यांची मजुरी मी घेत नाही, सुट्या भागांचे तेवढे पैसे.

सगळ्यात आधी: गाडी नुसती उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर फिरवा. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं म्हणजे फुकट पेट्रोल जाळणं. तेवढ्यात बॅटरी चार्ज होत नाही, आणि सायलेन्सर नीट न तापल्यामुळं आत पाणी साठून तो गंजतो.

फिरवणं जमणारच नसेल तर टाकी काठोकाठ भरा. अर्धी टाकी आतून गंजते. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. नाहीतर आतलं पेट्रोल वाळून चिकट थर धरतं आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल मी आधी बाटलीत काढून बघते. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची, तिथं काटकसर नको.

बॅटरी काढताना आधी काळी वायर सोडा, मग लाल. लावताना उलट, आधी लाल. असं का? काळी जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला, तर जी ठिणगी उडते ती मी जवळून पाहिली आहे. टर्मिनलवर पांढरी भुकटी आली असेल तर ती साफ करून व्हॅसलीन लावा. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली, 12 च्या खाली गेली की चार्जिंगला न्या.

सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टर बघायला विसरू नका. कुंभारमाशीला असं भोक म्हणजे आयतं घर. एका गाडीच्या एअर बॉक्समधून मी उंदराचं अख्खं घरटं काढलंय, शेंगांच्या टरफलांसकट. सायलेन्सरला फडकं बांधा, पण ते लाल किंवा भगवं असू द्या, म्हणजे चालू करताना डोळ्याला दिसेल.

चेन: खालची बाजू मधोमध बोटानं वर-खाली करा. बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसू नका, बोट जातं. टायरची हवा गाडी थंड असताना बघा.

आता चालवण्याचं. दर शनिवारी बाया येतात, त्यांना मी आधी क्लच शिकवते. ड्रॅग रेसमध्ये अंतर 402 मीटरच असतं, पण पिवळे दिवे लागून हिरवा होईपर्यंत क्लच बोटांवर धरून थांबायचं, आणि आधी हललात तर लाल दिवा, शर्यत संपली. शेतातल्या चढावर गाडी उचलायलाही हीच बोटं कामी येतात. क्लच एकदम सोडायचा नाही, गाडी ओढायला लागते तिथं क्षणभर धरायचा. सराव रिकाम्या मैदानात, हेल्मेट घालून. हायवेवर रेस खेळणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही. भिंतीवर अमेरिकेच्या अँजेल सॅम्पीचा फोटो आहे. नर्स होती ती, 2000 ते 2002 सलग तीन वर्षं मोटरसायकल ड्रॅग रेसची राष्ट्रीय विजेती. पुढं तिच्या गाडीवर तिथल्या आर्मीचं नाव होतं. तो बघून बाया म्हणतात, आपल्यातलीच दिसते.

शेवटचं काम कागदाचं. विमा आणि पीयूसीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नॉमिनी म्हणून तुमचं नाव लावून घ्या, 2021 पासून ती सोय आहे. मालकाचं बरंवाईट झालं तर 30 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यावी लागते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुदत उलटल्यावर कळलं, मग हेलपाट्यांवर हेलपाटे.

नवऱ्याजवळ हा विषय काढणं जड जातं, ठाऊक आहे मला. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात, गाडी धुताना काढा. परत निघायच्या आदल्या दिवशी नको.