स्मिबर्टच्या रीतीनं आजोबांचं तैलचित्र

व्यक्तिचित्रं करणारा जॉन स्मिबर्ट स्कॉटलंडमधल्या एडिनबरात जन्मलेला. १७२९ साली तो जहाजानं अमेरिकेत उतरला, बोस्टनमध्ये स्थिरावला आणि चित्रं करता करता रंगांचं दुकानही चालवू लागला. अमेरिकेतल्याच चार्ल्सटनचा चित्रकार जेरेमाया थियुस स्वित्झर्लंडहून आलेला. परक्या गावात पोट भरायचं तर काम झटपट उरकायला हवं, म्हणून चेहरा तेवढा माणूस समोर बसवून रंगवायचा आणि बसण्याची ढब, कपड्यांच्या चुण्या इंग्लिश छापचित्रांवरून उचलायच्या. जळगाव-धुळ्याकडे घरातल्या थोरांचं चित्र करायचं असेल तर हीच विभागणी सोयीची पडते, कारण आजोबा तासाभरापेक्षा जास्त बसत नाहीत.

त्या काळी आकार ठरलेले असत. ३० × २५ इंचात डोकं आणि खांदे, ३६ × २८ मध्ये एखादा हातही, ५० × ४० मध्ये गुडघ्यापर्यंत माणूस. पहिल्यांदा ३० × २५ च घ्या.

कापड जाड मांजरपाट, धुऊन खळ काढलेलं, चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला तीन इंच जास्त. खिळे प्रत्येक बाजूच्या मधोमध मारून कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यातून सुरुवात केली की सुरकुती पडते आणि ती नंतर निघत नाही.

मग सरस. चामड्याचा दाणेदार सरस लिटरभर पाण्यात ७० ग्रॅम, रात्रभर भिजवून, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी आली तर त्याची पकड जाते. थंड करून तो थलथलीत झाला की पट्टीनं पातळ पसरवा. पातळ गरम सरस कापडातून मागे झिरपतो. खरी अडचण इथेच आहे: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सरस थिजतच नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा. पावसाळ्यात तर तो ओल धरून कापड ढिलं-ताठ करत राहतो.

त्यावर तेलाचा अस्तर: दोन भाग टायटॅनियम पांढरा, एक भाग खडूची भुकटी, राखाडी होईल इतका काळा. झिंक पांढरा नको, तो ठिसूळ होऊन तडकतो. जुने लोक शिशाचा पांढरा वापरत, तो विषारी आहे. अस्तर तीन आठवडे वाळू द्या.

पहिल्या बैठकीत उजेड उत्तरेच्या खिडकीतून, तुमच्या डाव्या हाताला. म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. चेहरा खऱ्यापेक्षा थोडा लहान ठेवा. कच्चा अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसत्या छाया बसवा. बोटाला लागत नाही इतकं वाळलं की रंगाचा थर. वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं. उलट झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा वाळताना आकसतो, आणि गालावर भेगा पडतात. तेल चित्रकलेच्या दुकानातलंच घ्या. घाणीवरचं जवसाचं तेल चटणीबरोबर उत्तम, पण त्यात चिकट गाळ असतो, ते पिवळं पडतं.

स्मिबर्टचे गिऱ्हाईक गोरे होते, त्यामुळे त्याचं पांढऱ्यावर बेतलेलं मिश्रण आपल्या चेहऱ्याला चालत नाही; भस्म फासल्यासारखं दिसतं. पिवळी गेरू आणि भाजलेली सिएना (तांबूस तपकिरी) यांवर मूळ रंग धरा, गालाला आणि कानाच्या पाळीला चिमूटभर लाल, सावलीला अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन निळा. काळा नको. पांढरा कपाळ आणि नाकाच्या शेंड्यापुरता.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत डोळे, ओठ, हनुवटी उरकून आजोबांना मोकळं करा. फेटा मडक्यावर बांधून ठेवा, उपरणं खुर्चीच्या पाठीवर टाका आणि सवडीनं रंगवा. फक्त उजेड त्याच बाजूनं येऊ द्या. फेट्याची सावली डावीकडे आणि नाकाची उजवीकडे असं झालं की पाहणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

व्हार्निश सहा महिन्यांनंतरच.