बर्डीवर जुना थिंकपॅड घेताना

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड दुकानांचे हिशोब लिहिणं हे माझं काम. दिवसभर टॅली चालू आणि लॅपटॉप या गादीवरून त्या गादीवर. ओळखीतलं कोणी स्वस्तातल्या लॅपटॉपबद्दल विचारलं, की मी सांगते: बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा, जुना थिंकपॅड टी४८० शोधा, पण दुकानात उभं राहून नीट तपासा.

थिंकपॅडच का? कारण तो घराघरात विकायला नाही, ऑफिसांसाठी बनला. आयबीएमनं १९९२ च्या ऑक्टोबरात थिंकपॅड ७००सी आणला. रिचर्ड सॅपर या डिझायनरनं जपानी बेंतो, म्हणजे जेवणाचा डबा, डोळ्यांपुढे ठेवून त्याला काळा चौकोनी आकार दिला, आतलं बरंचसं काम जपानमधल्या यामातोच्या प्रयोगशाळेत झालं. कीबोर्डच्या मधोमध असलेलं लाल बटण टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलं. ऑफिसात यंत्र बंद पडलं तर काम अडतं, म्हणून ते पटकन उघडून भाग बदलता येतील असंच ठेवलं गेलं. दुरुस्तीचं मॅन्युअल आजही कंपनीच्या (आता लेनोवोच्या) साइटवर कोणालाही मिळतं. मला कौतुक आहे ते याचंच. २००५ मध्ये आयबीएमचा हा सगळा पीसी धंदा चीनच्या लेनोवोनं घेतला. तेव्हा कोणी 'आयबीएमवाला आहे' म्हणत नवा भाव सांगू लागलं, तर हसून पुढच्या दुकानात जा.

मोठ्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात, तोच माल बाजारात येतो. त्यात आधीच्या वर्षीचा टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर मलाही वरून ओळखता येत नाहीत. फरक आत आहे. टी४८० हा २०१८ चा. त्यातला आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर चार कोअरचा असतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे घेतो. टी४७० घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत अपडेटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावापुढे 'एस' असेल, म्हणजे टी४८०एस, तर तो सडपातळ भाऊ: थोडी रॅम, म्हणजे कामाची मेमरी, मुख्य बोर्डावरच डकवलेली आणि मागे काढता येणारी बॅटरीच नाही. पुढच्या वर्षीच्या टी४९० मध्येही तेच झालं. साध्या टी४८० ला रॅमसाठी दोन खाचा आहेत, दोन्हींतली पट्टी बदलता येते. आज ८ जीबीवर घ्या, पुढे वाढवा.

आता दुकानात. लॅपटॉप सुरू करताना एफ१ दाबत राहा, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा, उघडतं. पहिल्याच पानावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दिसतो. तो खालच्या स्टिकरशी जुळवा. मग सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर पासवर्ड (बायोसलाच लावलेलं कुलूप) 'डिसेबल्ड' आहे ना ते पाहा. एफ१ दाबल्यावर पासवर्डच मागितला, तर दुकानदार हमखास म्हणेल, "ताई, सेल काढला की निघून जाते ते." थिंकपॅडमध्ये निघत नाही. तो आतला छोटा सेल काढला तरी टिकणाऱ्या चिपमध्ये बसतो, आणि कंपनीचा अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड, आतला मुख्य बोर्डच, बदलणं. इथे घासाघीस करायचीच नाही, यंत्र परत ठेवायचं.

बॅटरीची परीक्षा मला सगळ्यात आवडते. टी४८० ला दोन बॅटऱ्या: एक आत, एक मागे काढता येणारी. चार्जर काढा, चालू मशीनमधून मागची बॅटरी ओढा. आतली चांगली असेल तर स्क्रीनला पत्ताही लागत नाही. मशीन विझलं, तर आतली गेली किंवा रिकामी आहे. चार्ज करायला लावा आणि पुन्हा ओढा. "काऊन इतकं पाहून राह्यल्या ताई, चालू तर होऊन राह्यला," हे ऐकून घ्यायचं. त्यानंतर चार्जर डाव्या बाजूच्या दोन्ही यूएसबी-सी पोर्टांना लावून बघा. एका जुन्या थंडरबोल्ट फर्मवेअरमुळे (पोर्ट चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमुळे) ते पोर्ट बिघडायचे, लेनोवोनं पुढे अपडेट काढलं. ज्याच्या मालकानं ते टाकलंच नाही, तो लॅपटॉप गोत्यात आलेला असू शकतो.

स्क्रीन बाजूनं पाहा. रंग उलटेपालटे झाले तर ते सगळ्यात स्वस्त १३६६ बाय ७६८ चं पॅनेल. त्यावर दिवसभर खतावणी पाहणं डोळ्यांना जड जातं, पण भाव पाडायला उत्तम. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा. कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे म्हणून घाबरू नका. टॅलीत कंट्रोल-ए दाबणाऱ्यांनी बायोसमध्येच दोघांची अदलाबदल करून घ्यावी.

बिल जीएसटीचंच, त्यावर सिरीयल नंबर लिहिलेलं. चोरीचा माल तुमच्या गळ्यात पडू नये यासाठी तेवढा एकच कागद उपयोगी.

घरी आणल्यावर एप्रिल लागायच्या आत पंखा साफ करा. गांधीबागेत कापडाचा बारीक तंतू हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीच्या, फटीत पक्का बसतो आणि नागपूरचा उन्हाळा उरलेलं काम करतो. आधी बायोसच्या कॉन्फिगमध्ये पॉवरखाली 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा, मशीन आपोआप बंद होईल. मागची बॅटरी काढा, खालचे स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. झाकण नखानं नाही, जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचला. पंख्याची पाती बोटानं धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर हवेनं पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं. झाकण बसवून चार्जर लावला की आतली बॅटरी पुन्हा जागी होते.