गिंपमध्ये उजळती पार्श्वभूमी: तेज उठण्यासाठी आधी अंधार

समईची ज्योत भर दुपारी कोणाच्या लक्षातही येत नाही. तिन्हीसांजेला मात्र तीच ज्योत सारे देवघर उजळून टाकते. संगणकावर उजळत्या प्रकाशरेषांची अमूर्त पार्श्वभूमी तयार करताना नवशिके बहुधा हीच गोष्ट विसरतात आणि चित्रातला प्रत्येक भाग भडक करत जातात, त्यामुळे चित्र उजळण्याऐवजी पांढुरके दिसू लागते. तेज ठसते ते भोवतालच्या काळोखामुळे आणि प्रकाश कडेकडेला हळूहळू विरत गेल्यामुळे. ही दोन्ही कामे गिंप या चित्रसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उत्तम होतात.

प्रथम १९२० बाय १०८० पिक्सेलचे नवे चित्र उघडावे आणि इमेज मेनूतील प्रिसिजनमध्ये (रंगनोंदीच्या सूक्ष्मतेत) जाऊन ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट हा पर्याय निवडावा. ही सोय २०१८ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि या कामात ती चैन नसून गरज आहे. आठ बिटांच्या चित्रात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगवाहिनीला केवळ २५६ पायऱ्या मिळतात. मध्यभागी लाल २६, हिरवा १८, निळा ५६ असा गडद जांभळा आणि कोपऱ्यांत ५, ४, १२ असा जवळजवळ काळा रंग ठेवून रेडियल ग्रेडियंट (मध्यापासून बाहेर बदलत जाणारी छटा) ओढला, तर लाल वाहिनीत मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या सुमारे ११०० पिक्सेलच्या अंतरात अवघ्या २१ पायऱ्या येतात, म्हणजे एकेक पट्टा पन्नासेक पिक्सेल रुंद होतो. कांद्याच्या चकतीसारखी दिसणारी ती वलये हीच. ग्रेडियंट टूलच्या पर्यायांतील डिदरिंगची (पट्ट्यांच्या कडा ठिपक्यांनी मोडण्याची) खूणही चालू ठेवावी.

आता प्रकाशरेषेकडे वळू. पाथ टूलने, म्हणजे बिंदू जोडून वळणरेषा आखणाऱ्या साधनाने, तीन-चार बिंदूंत एक मोठे, सैल वळण काढावे. त्याचे एक टोक चित्राबाहेर जाऊ द्यावे आणि दुसरे चित्रातच संपवावे. बिंदू जितके कमी तितके वळण डौलदार येते, हे हाताला लवकरच कळते. यानंतर तीन पारदर्शक लेयर (एकावर एक ठेवलेले थर) घेऊन प्रत्येकावर हाच पाथ स्ट्रोक पाथ या आज्ञेने वेगवेगळ्या जाडीच्या मऊ ब्रशने गिरवायचा आहे. स्ट्रोकच्या चौकटीत पेंट टूल निवडून एम्युलेट ब्रश डायनॅमिक्स (हाताच्या दाबाची नक्कल) चालू केले आणि ब्रशला प्रेशर साइझ हे डायनॅमिक्स दिले, तर रेषेचे टोक निमुळते होते.

सर्वांत वरच्या लेयरवर ६ पिक्सेलची किंचित पिवळसर पांढरी रेष काढावी व तिला दीड पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्यावा. मधल्या लेयरवर २० पिक्सेलची नारिंगी रेष व १४ चा ब्लर, तर तळाच्या लेयरवर ९० पिक्सेलची किरमिजी रेष व ९० चा ब्लर द्यावा. एकच बारीक रेष तीनदा कॉपी करून प्रत्येक प्रत अधिकाधिक धूसर करावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो, परंतु तो निम्माच उपयोगी आहे. ६ पिक्सेलची रेष १२० ने धूसर केली, तर तिच्या मध्यावरही मूळ तेजाचे जेमतेम दोन टक्के उरतात आणि आभा दिसतच नाही. म्हणून बाहेरची आभा मुळातच रुंद ब्रशने काढावी लागते.

गाभा पांढरा आणि कडा रंगीत ठेवण्यालाही कारण आहे. फुलबाजीच्या छायाचित्रात तारेजवळचा भाग इतका प्रखर असतो की तिथे कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या तिन्ही वाहिन्या भरून जातात व पांढराच नोंदवला जातो. खरा रंग कडेच्या मंद उजेडात टिकतो. नुसत्या नारिंगी रेषेला कितीही ब्लर दिला, तरी ती रंगवलेली दोरीच वाटते.

तिन्ही लेयरचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, स्क्रीन ठेवावा. अ‍ॅडिशनमध्ये किमतींची सरळ बेरीज होते, त्यामुळे २०० आणि १०० एकत्र आले की त्या जागी मर्यादेपलीकडचे तेज तयार होते आणि पडद्यावर ते २५५ ला छाटले जाते; स्क्रीनमध्ये त्याच दोन किमतींतून २२२ च्या आसपास उत्तर येते आणि रेषा एकमेकींना छेदतात तिथेही तपशील शिल्लक राहतो. तिन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपचाही मोड स्क्रीन करावा, मग त्याच्या दोन-तीन प्रती किंचित फिरवून, लहान करून व अपारदर्शकता घटवून खोलीचा भास आणता येतो. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ब्लर लेयरवर फिल्टर म्हणून टिकून राहतो, त्यामुळे त्याचे आकडे नंतरही बदलता येतात. जुन्या आवृत्तीत मात्र मूळ रेषेची प्रत बाजूला ठेवणे शहाणपणाचे. लेन्स फ्लेअरचा (भिंगातल्या चमकेसारख्या तयार परिणामाचा) मोह शक्यतो टाळावा. चौकातल्या फ्लेक्सवर तो इतका झाला आहे की त्याची चमकच गेली.

पट्टे तरीही जाणवले, तर सर्वांच्या वर आरजीबी नॉइज (रंगीत बारीक कण) अगदी अल्प प्रमाणात द्यावा. मूळ फाइल गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात जपावी आणि वापरासाठी पीएनजी काढावी. जास्त दाबलेल्या जेपीईजीत मंद उतारांवर चौकोन उमटतात. छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) रंगांत रूपांतर केल्यावर झगझगीत निळे-जांभळे रंग मलूल होतात, तेव्हा पत्रिका किंवा फलक छापायचा असल्यास सुरुवातीलाच नारिंगी-पिवळ्या छटांकडे झुकावे आणि एक नमुना छापून पाहावा.

या पार्श्वभूमीवर मराठी मजकूर येणार असेल, तर रेषा त्याप्रमाणे आधीच वळवावी. देवनागरीत शिरोरेषा आडवी धावते आणि तिच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात; उजळ रेष नेमकी तिथून गेली, तर ‘की’ आणि ‘का’ यांतला फरकही चटकन कळत नाही. चित्राचा सलग तिसरा हिस्सा तरी गडद मोकळा ठेवावा आणि शीर्षक तिथेच बसवावे.