गाडी ओढत नाही? दोष शोधण्याचा क्रम

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ एरवी तिसऱ्या गियरमध्ये चढणारी गाडी अचानक दुसरा मागू लागते, ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी पिकअप येत नाही. अशा वेळी आधी प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), मग फ्युएल पंप असे अंदाजाने भाग बदलत गेले की हजारो रुपये जातात आणि दोष तिथेच राहतो. फुकटातल्या तपासण्या आधी उरका.

ताकद इंजिनात तयारच होत नाही, की चाकांपर्यंत पोचत नाही, हे पहिल्यांदा ठरवा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ताशी ४०-५० किमी वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा झपकन वर गेला आणि वेग तेवढाच राहिला, तर क्लचप्लेट घसरते आहे. इंजिन उघडायचे कारण नाही. मग पाच-सहा किमी कमीत कमी ब्रेक मारत चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक तापले असेल तर तिथला ब्रेक धरून राहिला आहे. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे वरचेवर होते.

दोन्ही ठीक असेल तर इंजिनाकडे या. ठाणे-नवी मुंबईत सीएनजी गाड्या भरपूर, आणि त्यांच्या मालकांच्या हाती एक उत्तम चाचणी आहे. एकाच चढावर, एसी बंद ठेवून, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर गाडी चढवा. सीएनजीवर ताकद थोडी कमी असणारच, तो दोष नव्हे. मात्र फक्त सीएनजीवर दम सुटत असेल तर गॅस फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅस इंजेक्टर. ते अधिकृत फिटरकडूनच उघडून घ्या. फक्त पेट्रोलवर मरगळत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. बहुतेक साध्या पेट्रोल इंजिनांत इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब ३ ते ४ बार लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दोन्हींवर सारखेच होत असेल तर हवा, ठिणगी, सायलेन्सर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. कागदाच्या घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदला. बांधकामाच्या धुळीत तो पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच भरतो.

प्लग मात्र नीट पाहा. टोकांमधला गॅप साधारण ०.८ ते १.१ मिमी, गाडीनुसार. सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून थोडा वाढलेला गॅपही चढावर मिसिंग (ठिणगी चुकणे) देतो. शंका असलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड पी०३०२ चा पी०३०३ झाला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग कॉइलसोबत तिसऱ्यावर गेले, तर कॉइलच खराब. कोड वाचायला डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतली, धूर शुद्ध करणारी जाळी) जळून तो वितळतो.

कन्व्हर्टर चोंदला की गाडी सुरू झटकन होते, पण आरपीएम वर चढत नाही. गार झाल्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखडले तर जाळी तुटली आहे.

टर्बो डिझेलमध्ये आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाचे) होज बघा. सांध्यावर तेलाचा ओघळ आणि रेस देताना फुसफुस, म्हणजे होज फाटला. बीएस-६ डिझेल रोज फक्त ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच ताकद कमी करते. डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल तर मोकळ्या हायवेवर २०-२५ मिनिटे एकसारख्या वेगाने चालवल्यास अनेकदा फिल्टर साफ होतो.

कॉम्प्रेशन टेस्ट शेवटी. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर व कॉइलचे कनेक्शन काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांहून जास्त नको. कमी आलेल्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षे सीएनजीवर चाललेल्या गाडीत हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांतली फट) मोजायला लावा. व्हॉल्व्ह सीट झिजून हा क्लिअरन्स कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि झीज थोडी असेल तर तेवढ्या सेटिंगवरही कॉम्प्रेशन परत येते.