मोठ्या कातळशिल्पाचा स्पष्ट फोटो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब. एका फोटोत बसवला की त्याच्या पोटात कोरलेले छोटे प्राणी-पक्षी पुसट होतात आणि मोबाइलचा पॅनोरमा रेषा वाकवतो. त्यापेक्षा तुकड्यांत टिपा.

१. सकाळी ऊन तिरपं असतानाच जा. कोरीव खाचेत सावली साचते, तीच तर हवी! भर दुपारी रेषा हरवतात.
२. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा.
३. मोबाइल काठीवर, कातळाला समांतर. रेषांवर पाय न देता ओळीने सरका. प्रत्येक फोटोत आधीचा निम्मा भाग यायलाच हवा.
४. कडेला मोजपट्टी ठेवा. घरी सगळे फोटो हगिन (Hugin) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना मात्र कधीही भरू नका. जांभा सच्छिद्र असतो, खडू-चुना आत मुरतो.