कोल्हापुरातून लघुग्रहाची गिरकी कशी मोजायची

परवा एका पोरानं विचारलं, दादा, दुर्बिणीत लघुग्रह नुसता ठिपका दिसतोय, मग तो स्वतःभोवती किती तासात फिरतो हे कळतं कसं? रास्त प्रश्न आहे. घरात एक लांबट बटाटा घ्या, दोऱ्याला टांगा, खोलीत अंधार करा, आपल्या मागून त्यावर बॅटरी मारा आणि हळू फिरवा. बटाटा आडवा आला की जास्त उजेड परततो, टोक आपल्याकडं आलं की कमी, म्हणजे एका फेरीत दोनदा उजळ आणि दोनदा मंद. हे 'दोनदा' डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढं सगळे इथंच आपटतात.

आधी हात बसवायला गुरू घ्या. त्याचा मोठा लाल डाग तबकडीच्या बरोबर मधोमध आला की वेळ लिहायची, आणि दोन दिवसांनी रात्री परत तेच करायचं. तेवढ्यात गुरूच्या ५ फेऱ्या होतात आणि ४९ तास ३८ मिनिटांच्या आसपास जातात, भागिले ५ केलं की ९ तास ५५ मिनिटं हाताला लागतात. तुमची मधोमधची वेळ ५ मिनिटांनी चुकली तरी भागाकारात चूक १ मिनिटाचीच उरते, आणि पुढचा सगळा खेळ ह्याच हिशोबावर आहे बघा.

आता लघुग्रह. सुरुवातीला क्लिओपात्रा घ्या, क्रमांक २१६. रडारनं बघितल्यावर तिचा आकार कुत्र्याच्या हाडासारखा निघाला, त्यामुळं आडवी-उभी होताना उजेडात चांगला फरक पडतो (अर्थात आपण तिच्या अक्षाकडून बघत असलो तर फरक फारसा दिसत नाही, म्हणून एखादा सीझन फुकट गेला तर नाराज होऊ नका). सामानात ट्रॅकिंगवाला माउंट (ताऱ्यांच्या मागं दुर्बीण आपोआप फिरवणारा स्टँड), सहा इंची दुर्बीण आणि डीएसएलआर चालतो. रॉ फाइल घ्या, जेपेग नको, आणि मोजताना फक्त हिरवा चॅनेल वापरा. मिनिटाभराचं एक्स्पोजर ठेवा, पण कुठला तारा जळून पांढराफट्ट होत नाही ना हे बघा. फ्लॅट फ्रेम (फोटोच्या कडांचा अंधार आणि धुळीचे डाग हिशोबातून काढायला घेतलेला एकसारख्या उजेडाचा फोटो) काढायला महागडं काही लागत नाही, संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून लावा आणि आकाशाकडं बघून वीसेक फोटो मारा.

जागेचं म्हणाल तर शहरात लाइट लई, म्हणून मी पन्हाळ्याच्या बाजूला मामाच्या गच्चीवर जातो. तिथं अंधार मस्त, पण ऊसतोडीच्या सीझनला शेजारचा फड मोकळा झाला की पाचट पेटवतात आणि धूर थेट डोक्यावर. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सगळं गुंडाळायला लागलेलो. पण पातळ धुरात लघुग्रह जेवढा मंद होतो तेवढेच त्याच फोटोतले बाजूचे तारे पण मंद होतात, त्यामुळं चार-पाच तारे तुलनेला धरले आणि फक्त फरक मोजला की धूर हिशोबातून आपोआप गळतो. तुलनेचे तारे एकमेकांशी पण ताडून बघा, त्यातलाच एखादा स्वतः कमीजास्त होणारा निघाला तर वेळ आणि उजेडाच्या आलेखात भलतीच नागमोड येते. मोजायला ॲस्ट्रोइमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दवाचं मात्र काही माफ नाही, लेन्सला हीटर पट्टी गुंडाळाच.

आणि घड्याळ! माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं, एक रात्र मी ते तसंच वापरलं, दुसऱ्या रात्री सेट केलं, मग दोन्ही रात्री एकमेकींना जुळेनात आणि आठवडाभर मी लघुग्रहाला शिव्या घातल्या. सुरू करायच्या आधी मोबाइलच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, आणि नोंदी युटीसीत, म्हणजे जगभर धरतात त्या प्रमाणवेळेत करा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

समजा रात्री ९:१० ला उजळ टोक मिळालं (म्हणजे आलेखातला सगळ्यात उजळ क्षण, बटाट्याचं टोक नव्हे) आणि पुढचं ११:५२ ला. मध्ये २ तास ४२ मिनिटं. नवीन माणूस इथंच उडी मारतो की झालं, हाच काळ! नाही भावा, बटाटा आठव, ही अर्धीच फेरी झाली, पूर्ण फेरी जवळपास ५ तास २४ मिनिटं. दुसऱ्या रात्री टोक ९:२४ ला आलं, म्हणजे २४ तास १४ मिनिटांत अर्ध्या फेऱ्या किती? ८ धरल्या तर एक अर्धी फेरी ३ तास २ मिनिटांची होते, १० धरल्या तर २ तास २५ मिनिटांची, आणि ९ धरल्या तर २ तास ४१.५. पहिल्या रात्रीच्या मोजणीशी फक्त ९ जुळतात, म्हणून पूर्ण फेरी ५ तास २३ मिनिटं. एका रात्रीत एकच टोक मिळालं असतं तर ८, ९, १० मधून निवडायला काही आधारच नव्हता, म्हणून एकाच रात्री निदान दोन टोकं पकडाच, पाच-सहा तास जागायची तयारी ठेवा. आणि ९ हा विषम आकडा असल्यानं दुसऱ्या रात्री दिसलं ते पलीकडच्या बाजूचं उजळ टोक, दोन्ही उंचवटे थोडे वेगळे असतील तर आलेखात ते ओळखू येतं.

मोजणी महिनाभर ताणली तर सव्वाशेच्या वर फेऱ्या होतात आणि ५ मिनिटांची चूक दोन-तीन सेकंदांवर येते. पण मधल्या चार-पाच रात्रीही मोजत जा, नाहीतर फेऱ्यांची मोजदाद सुटते. शिवाय तेवढ्या दिवसांत लघुग्रहाचं अंतर बदलतं, आणि पृथ्वी-सूर्याएवढ्या अंतराला प्रकाशाला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात, तर त्या हिशोबानं लघुग्रहापासून प्रकाश यायला लागलेला वेळ प्रत्येक नोंदीतून वजा करा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं आभाळ दिसत नाही, तेव्हा लॅपटॉपवर ताऱ्यांची गिरकी मोजा. ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या टेस उपग्रहाचा डेटा फुकट आहे, पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं लाइटकर्व्ह पॅकेज टाकलं की आलेख समोर. ताऱ्यावरचे डाग फिरून आले की उजेड कमीजास्त होतो. टेस एका पट्ट्याकडं सुमारे २७ दिवसच बघतो, म्हणून सूर्यासारखा संथ तारा घेऊ नका, त्याची एक फेरीच जेमतेम होईल. एबी डोराडस हा भरभर फिरणारा तारा घ्या. उत्तर १२ तास २० मिनिटांच्या आसपास आलं तर गाडी बरोबर चाललीय, आणि सहा तासांच्या जवळ आलं तर दोन बाजूंच्या डागांमुळं अर्धीच फेरी मोजली गेली, वर बटाट्याचं परत वाचा.