भिंतीपासून नाही, पाइपाच्या टोकापासून मोजा

2016 ची गोष्ट. सिव्हिल डिप्लोमा करून पुण्याजवळच्या एका साइटवर सुपरवायझर म्हणून लागलो, त्याला तीन महिने झाले होते. रस्त्याकडेला 22 केव्हीची, म्हणजे 22 हजार व्होल्टची, उघड्या तारांची लाईन, जेमतेम दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. बाहेरच्या प्लास्टरसाठी पाइपाची परांची बांधायची होती. तारेच्या बरोबर खाली जमिनीवर खूण केली, तिथून भिंतीपर्यंत टेप लावला: 2 मीटर 20. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांत या व्होल्टेजला इमारतीपासून आडवं अंतर 2 मीटर होतं, ते मला पाठ होतं. वहीत 'ओके' लिहून सही केली.

ते 2 मीटर तयार इमारतीसाठी असतात. मला हे कुणी समजावलं नव्हतं, म्हणून सावकाश सांगतो. भिंत आणि आतला उभा पाइप यांत 30 सेंटीमीटर. त्याच्यापुढे 1 मीटरवर बाहेरचा उभा पाइप. आडव्या पाइपांची टोकं आणखी 20 सेंटीमीटर बाहेर. उरले 70 सेंटीमीटर, म्हणजे माणसाचा एक हात. आणि त्या हातात 6 मीटरचा, वीसेक किलोचा पाइप. तो खालून उभा येतो, वर आडवा करताना मागचं टोक गर्रकन फिरतं. धरणाऱ्याची नजर असते क्लॅम्पवर, त्याला ते टोक दिसत नाही. बांधून झालेली परांची तारेपासून लांब दिसेलही, पण बांधताना ती तारेपर्यंत पोचते. सोडताना तर जास्तच, कारण तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते.

तिसऱ्या दिवशी तेच झालं. निळा उजेड, बार उडाल्यासारखा आवाज, वरचा पोरगा फळीवर कोसळला. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. मी शिडीकडे धावलो, तेवढ्यात मुकादमाने शर्टाला धरून मागे खेचलं. काही क्षणांत लाईनमध्ये परत वीज आली. पाइप तोवर खाली घसरला होता, म्हणून आम्ही दोघं वाचलो. पोराचे दोन्ही तळहात आणि एक तळपाय भाजला. सही माझी होती.

म्हणून सांगतो, ट्रिप झालेली लाईन मेलेली समजू नका. वीज कंपनीच्या माणसाने बंद करून अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तारा जमिनीला जोडल्याशिवाय, परांचीला आणि जखमीला हात लावायचा नाही, दहा मीटर लांब राहायचं. मन मानत नाही, मला माहीत आहे.

फोनवरचा शटडाऊन मी शटडाऊन मानत नाही. 'साहेब, पाच मिनिटं बंद आहे' म्हणणाऱ्याला दुसऱ्या टोकाला कोण चालू करतंय याचा पत्ता नसतो. लेखी परमिट हवं, आणि अर्थिंग डोळ्यांनी पाहायचं. तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवून देणारे भेटतील, त्यांना गेटवरूनच परत पाठवा. पाइपाऐवजी बांबू चालतो म्हणतात. ओला बांबू अजिबात चालत नाही, आणि पावसाळ्यात साइटवर कोरडा बांबू मला दाखवा.

घाबरू नका, काम होतं. 2010 च्या त्याच नियमांत लाईनजवळ बांधकाम करणाऱ्याने वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवायचं, नकाशात परांचीही दाखवायची, असं स्पष्ट होतं. मी अंतर वाचलं, ते पान वाचलं नाही. 2023 ला नवे नियम आले आहेत, ते पूर्ण वाचा. अर्ज काम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी टाका. लाईन सरकवायला किंवा शटडाऊनची तारीख मिळायला वेळ लागतो.

शिकायचं असेल तर जुन्या मुकादमाजवळ उभे राहा. माझ्याकडे सेफ्टीचं सर्टिफिकेट होतं, शर्ट त्याने ओढला.

माझा आकडा आता 3 मीटर आहे, आणि तो हातातल्या पाइपाच्या सर्वांत लांब टोकापासून. तेवढं मिळत नसेल तर परमिटशिवाय एकही पाइप उभा राहत नाही. परमिट असलं तरी त्या बाजूला 6 मीटरचे पाइप कापून 3 चे करतो. ठेकेदार म्हणतो, पाइप जोडायचे कपलर जास्त लागतात. लागू देत.